स्वतःची फाइल पाहण्यासाठी अर्ज

मंगळवार, ३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

भावजींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. माझी बातमी मात्र तेवढी चांगली नाही. मला कारखान्यातून कमी करताहेत. कालच मॅनेजरचं पत्र मिळालं. ‘वार्षिक अहवालानुसार काम असमाधानकारक’, एवढंच कारण. हरकत असेल तर तेरा तारखेपर्यंत लेखी घ्यायची.

अहवालात काय लिहिलंय ते मला ठाऊक नाही. तो माझ्या फाइलमध्ये आहे. फाइल रेकॉर्ड रूममध्ये आहे आणि रेकॉर्ड रूमची किल्ली बावीस वर्षं माझ्याच खिशात आहे. पण किल्ली आहे म्हणून कुणी फाइल उघडत नाही. रेकॉर्ड क्लार्ककडे अर्ज करावा लागतो. तसा आज सकाळी मी माझ्याकडे अर्ज केला. दुपारी तपासला, तर कारणाच्या रकान्यात नुसतंच ‘माहितीसाठी’. एवढ्यावर मी आजवर कुणालाच फाइल दिलेली नाही. परत केला.

मन थाऱ्यावर नाही. सायकलच्या घंट्यांच्या कारखान्यातला जुना क्लार्क, मला या वयात दुसरीकडे कोण घेणार?

लोभ आहे तो चालू ठेव, त्याला अर्ज लागत नाही.

तुझा,
खिळ्या


गुरुवार, ५ मार्च

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. पंचवीस वर्षं इस्पितळात नर्स आहे, नमुने काही कमी पाहिले नाहीत, पण स्वतःचा अर्ज स्वतःच परत करणारा तूच पहिला. लहानपणी लपाछपीत तुझ्यावर राज्य आलं की आकडा चुकला म्हणून तू पुन्हा एकपासून मोजायचास, आणि आम्ही लपून कंटाळून घरी जायचो.

आता नीट ऐक. माझ्यावर एकदा ‘रोग्यांशी उद्धट’ असा शेरा आला होता. मी फाइल मागितली, वाचली, तर तो दुसऱ्याच सिस्टरचा कागद निघाला. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचा आणि खाली आपलं म्हणणं जोडायचा हक्क आमच्या नियमांत आहे. तुमच्याही असेल. नियमांचं पुस्तक तर तू उशाला घेऊन झोपतोस. भावजी म्हणतात, कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं, पण हे कुंपण स्वतःलाच आत सोडत नाही.

आणि त्या मॅनेजरला घाबरू नकोस. माझ्या लग्नाला त्यानं तुला सोडलं नाही, त्याबद्दल अठरा वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या देतेय.

तब्येत सांभाळ. उलट टपाली कळव, नाहीतर मीच येऊन किल्ली काढून घेईन.

ताई


सोमवार, ९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. पान चौदा, नियम सहा. रकान्यात ‘हक्क म्हणून’ लिहिलं आणि अर्ज लगेच मंजूर केला. फाइल क्लार्कच्या समोर बसून वाचायची असते, म्हणून मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसलो. पानं दुमडू नका, असं स्वतःला बजावलंही.

अहवालात एकच तक्रार आहे. मॅनेजरनं सहा महिन्यांपूर्वी स्वतःची फाइल मागितली होती, ती मी अजून दिलेली नाही. हे खरं आहे. त्यांच्या अर्जावर तारीख नव्हती.

शिवाय कमी करण्याआधी दोन लेखी समज द्याव्या लागतात आणि फाइलमध्ये एकही नाही. म्हणजे ते पत्र टिकत नाही. पण ताई, मी हरकत लिहिलेली नाही. फाइलच्या तळाशी तुझ्या लग्नासाठीचा माझा रजेचा अर्ज सापडला. ‘तीन दिवस आधी हवा, दोनच दिवस आधी आला. नामंजूर.’ खाली सही माझी. मॅनेजरकडे तो गेलाच नव्हता. रजा मिळाली नाही एवढंच मी तुला कळवलं, कोणी दिली नाही ते सांगितलं नाही. मला लाज वाटली होती. अजून वाटते.

अशा माणसाला असमाधानकारक म्हटलं तर त्यात चुकीचं काय?

लोभ कमी केलास तरी माझी हरकत नाही.

खिळ्या


बुधवार, ११ मार्च

चि. खिळ्यास,
आशीर्वाद. आज अनेक नाहीत, एकच.

पत्र दोनदा वाचलं. मांडवात किती वेळा दाराकडे पाहिलं ते माझं मला माहीत. आणि तो बिचारा मॅनेजर उगीचच शिव्या खात बसला.

पण मूर्खा, हक्क काय फक्त गुणी माणसांनाच असतो? तू चुकलास तो माझ्याशी, कारखान्याशी नाही. त्याचा शेरा मी देईन, तोही समोर बसवून. तेरा तारीख परवावर आली. हरकत लिही. आणि त्या माणसाला त्याची फाइल दे.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई


शनिवार, १४ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हरकत काल दिली. मॅनेजरची फाइलही दिली, तारीख मीच घातली. आज सकाळी त्यांनी कमी केल्याचं पत्र मागे घेतलं आणि जाता जाता पहिली लेखी समज दिली. ती मी नीट फाइलला लावली आहे.

मग तो जुना अर्ज काढला, ‘पुनर्विचारानंतर योग्य’ असं लिहिलं आणि या वेळी वर पाठवला. मॅनेजरनं बोलावून विचारलं, लग्न कधी आहे. मी म्हणालो, “अठरा वर्षांपूर्वी होतं, साहेब.” त्यांनी चष्मा पुसून अर्ज पुन्हा वाचला. मग त्यांनी सही केली.

रजा चार दिवसांची, मंगळवारपासून. मोजून बघ, तीन दिवस आधी आहे. भावजींना नवा सदरा काढायला सांग, आणि तू दाराकडे बघत राहा. मी येतोय.

तुझा,
खिळ्या