जाळ्यातले कप

४ नोव्हें., मंगळ.
पुण्याचं पार्सल परत आलं. सगळ्या कपांचे कान तुटलेले. हेतलबेन ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. बोर्डीला त्यांच्या मातीच्या कपांच्या भट्टीवर पॅकिंग माझ्याकडे आहे. अजून एकदा असं झालं तर काम वापीच्या माणसांना देईन म्हणाल्या. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. रद्दी कोंबते, टेप मारते, वर 'सांभाळून' लिहिते. कुरियरवाले ते वाचूनच आपटत असावेत.

घरी बाबा ओट्यावर. गुडघे गेले म्हणून होडी विकली, तेव्हापासून समुद्राकडे पाठ करून बसतात. जेवलास का विचारलं तर हो नाही, नाही नाही. आई असती तर...

८ नोव्हें., शनि.
माळ्यावरून काहीतरी ओढताना बाबांचं जुनं जाळं खाली आलं, आत अडकून लोणच्याची बरणीही. फुटली नाही! मग एक टवका गेलेला कप जाळ्यात गुंडाळला, खोक्यात घातला, ओट्यावरून खाली टाकला. काही नाही. पुन्हा टाकला. शाबूत.

बाबा बघत होते. उठून आले, खोकं माझ्या हातातून घेतलं. "गच्च आवळू नको. धक्का जाळं खाईल, कपाला देणार नाय." आणि स्वतःच सुरी काढून जाळं कापायला बसले. ज्या माणसाने त्या जाळ्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मला रडू आलं. आत जाऊन कांदा चिरायला घेतला म्हणून खपून गेलं.

२१ नोव्हें., शुक्र.
एकही कप फुटलेला नाही. हेतलबेन खूश, वापीचं नाव नाही. बाबा सकाळी तुकडे कापतात, मोठ्या कपाचे वेगळे, बशीचे वेगळे. गाठोडं घेऊन मी एस.टी.त. संध्याकाळी पाय धुवायच्या आत प्रश्न, "आज कुठं?" मी सांगते, नागपूर, इंदूर. परवा कलकत्ता होतं. "माझं जाळं कलकत्त्याला पोचलं," गल्लीभर सांगून आले. आज बोंबलाचं कालवण स्वतः मागून घेतलं. बरं वाटतंय. दृष्ट लागेल म्हणून जास्त लिहीत नाही.

३ डिसें., बुध.
बंगळूरच्या बाईंची तक्रार. कप धड आहेत, पण खोकं उघडलं आणि घरभर मासळीचा वास. कप धुतले तरी जात नाही म्हणे. नाकाने कांदे सोलणारी बाई, असं मी म्हटलं. हेतलबेन फोनकडे बघत राहिल्या. मग हळूच, "दर्शना, मने तर पहिल्या दिवसापासून वास येतो. तुला कसं बोलू?"

म्हणजे इतके दिवस. जाळ्याचाच येत होता की माझाही? विचारलं नाही. शाळेत बाकावरची मुलगी सरकून बसायची, ते आठवलं. एस.टी.त ओढणी नाकाला लावून बघितली. काही नाही. साबणाचा वास.

६ डिसें., शनि.
जाळं बंद. आता कपाच्या पोटात कागद, कानाला वेगळी गुंडाळी, मधे पुठ्ठा, खोक्यात खोकं. हलवून आवाज आला तर परत उघडायचं. बाबांनी शिकवलेलंच करतेय, गच्च नाही, सैल नाही. फुटत नाहीत. माझं काम वाचलं.

बाबांना सांगितलं नाही. "आज कुठं?" "नाशिक." नाशिकला कागदातून गेलं, हे तोंडातून निघेना.

११ डिसें., गुरु.
बाबांनी दिलेली गाठोडी भट्टीमागे गोणीत साठलीत. हेतलबेननी पाहिलं आणि मागचं दार लावून घेतलं. रोज घरून निघताना ठरवते, आज सांगायचं. रोज बाबा दारापर्यंत येऊन गाठोडं हातात देतात. माझंच मला किळसवाणं वाटतं, पण ते परत ओट्यावर पाठ करून बसले तर मी काय करू?

१४ डिसें., रवि.
जुनं संपलं. आज बाबांनी माळ्यावरून दुसरं काढायला लावलं, चांगलं, एकच हंगाम वापरलेलं. गुडघे बरे झाले तर कुणाच्यातरी होडीवर जाईन म्हणून जपलेलं. ते ओट्यावर पसरून सुरीला धार लावत बसले. "हे मजबूत. परदेशात गेलं तरी टिकेल."

मला राहवेना. "बाबा, हे नको कापू. मालाला वास लागतो म्हणतात."

सुरी थांबली. "कोण म्हणतं?"

"गिऱ्हाईक. आणि हेतलबेन पण."

"कधीपासून?"

मी जाळ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. त्यांना कळलं असावं. रागावले नाहीत. जाळ्याची एक मूठ उचलली, नाकाला लावली. बराच वेळ. मग माझ्यापुढे धरली.

"कसला वास?"

मी मनापासून हुंगलं. देवाशपथ.

"मला पण येत नाय," मी म्हटलं.

सुरी त्यांच्या हातातच होती. जाळं कापलं नाही, गुंडाळूनही ठेवलं नाही. आता अंधार पडला तरी ते ओट्यावर तसंच पसरलेलं आहे. बाबा त्यावरच बसलेत. उद्या सकाळी गाठोडं द्यायला दारापर्यंत येतील की नाही, कळत नाही.