झाकलेलं ताट

१४ जुलै, सोमवार
हे काय स्वयंपाकघर झालं? तवा वाकडा, मिक्सरला झाकण नाय, आणि घरमालक केयूर साहेब म्हणतात, आठवडाभर चालवून घ्या कडूबाई. तुमच्या बायकोला लावा चालवून घ्यायला, असं तोंडावर सांगितलं. हसले नुसते. पिशोरहून इथं स्वयंपाकाला पिशव्या उचलून आले ती काय वाकड्या तव्यासाठी?

बाकी घर झकास. हवेशीर. भाड्यानं राहणाऱ्या सगळ्या पोरी बाहेरदेशच्या, इथं शिकायला आलेल्या. सुदानची इस्रा मला खाला म्हणते, म्हणजे मावशी, गावाकडच्या शेजारणीच्या पोरी म्हणतात तसंच. भाकरी शिकव म्हणून मागं लागली. तिनं थापली तर एका बाजूला शेपूट फुटलं. लई हसलो.

साहेबांनी एकच बजावलं. उरलेलं टाकून द्या, पण ह्या घरात कुणासाठी ताट झाकून ठेवू नका. येडाच हाय.

१५ जुलै, मंगळवार
इस्राला कॉलेजातून यायला उशीर. माणूस यायचं बाकी असलं की आम्ही ताट झाकतोच. पोरीला उपाशी ठेवू? साहेबांचा नियम गेला चुलीत.

१६ जुलै, बुधवार
इस्रा बाहेरच जेवून आली होती. तरी ताट चाटूनपुसून रिकामं. ओट्यावर ठेवलेलं, सापडलं शेवटच्या खोलीच्या दारात. त्या खोलीला तर कुलूप. पोरींना फैलावर घेतलं. सगळ्या नाय म्हणतात.

१७ जुलै, गुरुवार
शेजारची लीलाबाई भाजीच्या गाडीवर भेटली. ताटाचं सांगितलं तशी पांढरीफट्ट पडली. म्हणाली, त्या खोलीत अशीच एक परदेशी पोरगी तापानं पडली होती. बाकीच्या पळतील म्हणून केयूरनं बाहेरून कडी घातली. ताट दारात येईल म्हणाला. कुणी ठेवलंच नाय. पोरगी वाट बघता बघता मेली.

गावातलं कुणी हे घर घेत नाय. परदेशी पोरींना दुसरं कुणी घर देत नाय. म्हणून ह्या इथं.

म्हणजे ते ताट मी तिच्या—

साहेबांना फोन केला. खेकसले. सोमवारी नवी पोरगी येतीय, इस्राला शेवटच्या खोलीत हलवा म्हणाले. मी नाय हलवणार. फोन आपटला.

१८ जुलै, शुक्रवार
सकाळी चूल पेटवली नव्हती. त्या दारात ताट. झाकलेलं. वर उलटी परात. उचलली. भाकरी गरम, एका बाजूला शेपूट फुटलेली.

आता ती आतली पोरगी ताट झाकतीय. जिची वाट बघतीय तिच्यासाठी, इस्रासाठी.

लाथेनं उडवलं. परत आले तर पुन्हा तिथंच. झाकलेलं.

हे पान फाडून साहेबांना देणार. साहेब, रविवारच्या आत सांगा, इस्राला दुसरीकडं ठेवता का नाय. नायतर पोरींना घेऊन मी चौकीत—

ताट रिकामं. इस्रा कुठंय? तिच्या चपला त्या दारात—

कुलूप तसंच. आतून खाला म्हणून—

रविवार नाय साहेब. आज. आजच सांगा, किल्ली कुठं—