ओहोटीच्या सभा

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. अहवालातली दुरुस्ती तळटीपेत टाक, त्यानं काही आभाळ कोसळत नाही, हा सल्लाही मिळाला. लहानपणी माझ्या वहीतल्या चुका तूच पुसायचास, ती सवय जाणार कशी! पण ही चूक मला पुसायचीच नाही.

बेटावरच्या सगळ्या सभा मी ओहोटीला घेतल्या. तेव्हा होड्या चिखलात बसतात, होडीवाले मोकळे असतात. काय छान वेळ साधली, म्हणून मीच माझी पाठ थोपटली. शाळेच्या फरशीवर बेटाचा नकाशा अंथरायचा आणि समुद्र चढला तर आधी काय वाचवायचं, तिथं प्रत्येकानं एक खडा ठेवायचा. खडे पडले धक्क्यावर आणि बर्फाच्या कारखान्यावर. अहवालात मी ठोकून दिलं, ‘सर्व रहिवाशांच्या सहभागाने’. त्याच भरवशावर तू भिंत आखलीस, धक्क्यामागच्या चिखलपट्टीवर भराव घालून.

बायका सभेला का येत नाहीत, हे मी वर्षभर त्यांच्या लाजेवर ढकललं. मग शेजारच्या मावशीनं एकदा हातात टोपली देऊन मला सोबत नेलं. बघते तर सगळ्याजणी त्याच पट्टीवर गुडघाभर चिखलात, शिंपले वेचताहेत! ओहोटीचे चार तासच काय ते त्यांचे. बाई, तुमची सभा नेमकी आमच्या पोटाच्या वेळेलाच का हो असते, असं तिनं हसत विचारलं. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

मग भरतीला सभा घेतल्या. कडाक्याची भांडणं झाली. दोन होडीवाले तर अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण बहुतेक खडे चिखलपट्टीवर आले. भिंत नको असं कुणीच म्हणत नाही, ती पट्टी मोकळी सोडून पलीकडून घ्या म्हणतात. खर्च वाढेल, काम लांबेल, तुझी बढती अडकेल. हाच अहवाल माझा प्रबंध, तेव्हा माझी पदवीही बहुधा जाईल.

बाबांच्या माघारी तू मला शिकवलंस, स्वतःचं पुढचं शिक्षण सोडून. ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच तुझ्या त्या तळटीपेचा मला इतका संताप आला.

सोमवारच्या सुनावणीत मी उभी राहून माझा अहवाल मागे घेणार आहे. तू व्यासपीठावर असशील. सख्ख्या बहिणीनं तुझ्या भिंतीचा पाया काढला, हे तुला चारचौघांत कळू नये, म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाही. मला गप्प बसवायचंच असेल, तर तिथं त्या बायकांसमोर बसव.

तुझीच,
हट्टी धाकटी