तुझ्या आवाजाचा वेग

आई, तुझा टेपरेकॉर्डर चालू झाला. तोच, बसका, काळा, समोर मोठमोठी बटणं असलेला, ज्याच्या झाकणाला तू चिकटपट्टी लावून ठेवली होतीस. बाबा गेल्यावर अधारतालच्या या घरात आलो तेव्हा तुझा तो छोटा काँप्युटर आणि हा, दोघं एकाच खोक्यात होते, आणि खोकं न उघडताच माळ्यावर गेलं. तुझी सून तेव्हा म्हणाली होती, "दुकानात भंगार, घरातही भंगार. चलो, आता माझ्या डोक्यावरच ठेवा." तू तिला पाहिलं नाहीस. बोलायला तिखट आहे, पण तुझ्याशी जमलं असतं तिचं. दुकानही तू पाहिलं नाहीस. मेन रोडवर आहे, काँप्युटर दुरुस्तीचं. डिग्री नाही, भांडवल नव्हतं, कुणी काका-मामा पाठीशी नव्हता. जे उभं आहे ते बरंचसं माझ्या कानांवर उभं आहे. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं, मी स्विच दाबतो, आतली डिस्क फिरायला लागते आणि मी सांगतो, भैया, आधी पोरांचे फोटो काढून घ्या, ही आता पाहुणी आहे. लोकांना वाटतं जादू आहे. जादू कसली! ऐकायचं, एवढंच. फोनवर नुसतं "हॅलो" आलं तरी कोण ते मला कळतं, आणि तो रागात आहे की गोड बोलून काम काढणार आहे, तेही.

आणि असल्या माणसाला तुझा आवाज आठवत नाही. तू काय म्हणायचीस ते आठवतं, शब्द न् शब्द आठवतो, पण आठवताना ते सगळं माझ्याच आवाजात ऐकू येतं. डोळे मिटून बसलो, तुझ्या त्या निळ्या काठाच्या साडीपासून सुरुवात केली, सगळं समोर येतं, तू तोंड उघडतेस आणि बोलतो मी. फोटो आहेत तुझे. पण फोटोत तुझं तोंड नेहमी मिटलेलंच. किती वर्षांपासून हे असं आहे, सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की तुझा आवाज नाही, आणि मग शोधायला गेलो तर कुठंच नाही.

ऐकायला तर तूच शिकवलं होतंस. दसऱ्याला तुझ्या तोफांच्या फॅक्टरीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. बाकीची मुलं तोफा बघायला पळाली, मला तू तुझ्या सेक्शनमध्ये नेलंस. पंखे लावलेला लांब हॉल, रांगेनं बायका, प्रत्येकीसमोर कार्डाला भोकं पाडणारी मशीन, आणि प्रत्येक मशीनला झेंडूची माळ. कुणाचा पगार, कुणाची रजा, कुठल्या गोदामात किती खिळे, सगळं त्या जाड पिवळट कार्डांच्या भोकांत. पूजा झाल्यावर मला दाखवायला म्हणून तुम्ही मशीन सुरू केल्या आणि मी कानात बोटं घातली. तू माझा हात खाली ओढलास. "बोटं काहून घालतो कानात? ऐक ना. ती तिसरी मशीन खोकून राहिली की नाही?" मला काहीच कळेना. शेजारची मावशी हसली, म्हणाली, "तुझी आई डोळे मिटून सांगते हो, कोणाची मशीन चालू आहे ते. आम्ही चहाला गेलो तरी हिला पत्ता लागतो." त्या वर्षी कुणी तरी भक्तिभावानं कार्ड वाचणाऱ्या मोठ्या मशीनवरही हळदकुंकू वाहिलं. ते फटीतून आत गेलं आणि पुढं कितीतरी दिवस कार्डांच्या कडा गुलाबी होऊन बाहेर पडत होत्या. साहेब ओरडले तर तू म्हणालीस, "सर, मशीन सवाष्ण झाली, आता नीट चालेल." हे वाक्यही मला माझ्याच आवाजात ऐकू येतं, आई, आणि माझ्या आवाजात त्याची गंमत राहत नाही.

तुमच्याकडे एक पद्धत होती. एकीनं पाडलेली कार्डं दुसरी पुन्हा टाइप करून पडताळायची, भोकं जुळली नाहीत तर मशीन अडायची. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, मग ती कितीही हुशार असो. तीच पद्धत तू घरी आणलीस. छावणीतल्या एका अफसराची बदली झाली, तो सामान काढत होता, आणि तू लोकांसारखा सोफा किंवा फ्रिज न घेता तो रबरी बटणांचा काँप्युटर उचलून आणलास. टीव्हीला जोडायचा. डिस्क नाही, काही नाही, बंद केला की सगळं विसरायचा. आज मोबाइलमधला एक फोटो त्याच्या पोटात मावणार नाही. बाबा रेल्वेत, बहुतेक ड्यूटीवरच, त्यांनी एकदाच विचारलं, "हे करतं काय?" तू म्हणालीस, "अजून काही नाही. आम्ही शिकवू तसं करेल." मग मासिकात छापलेले प्रोग्राम मी मोठ्यानं वाचायचो आणि तू टाइप करायचीस, मान वर, बोटं खाली, कढईकडे एक डोळा ठेवून. झालं की उलट. तू पडद्यावरचं वाचायचीस, मी मासिकात बोट ठेवून पडताळायचो. "स्वल्पविराम खाल्लास तू," मी म्हणायचो, आणि तुला केवढा आनंद व्हायचा. चूक सापडली की कुणी एवढं खूश झालेलं मी नंतर पाहिलं नाही.

केलेलं काम जपून ठेवायला हा रेकॉर्डर आणि साधी गाण्याची कॅसेट. काँप्युटर आपली सगळी अक्षरं शिट्टी आणि खरखर करून रेकॉर्डरला सांगायचा, रेकॉर्डर ती टेपवर घ्यायचा. ऐकायला सगळे प्रोग्राम सारखेच, म्हणून प्रत्येकाच्या आधी तू स्वतः बोलून नाव भरायचीस, रेकॉर्डरच्या अंगातल्या माइकवर. मग काँप्युटरची वायर भोकात खुपसायची. वायर आत गेली की रेकॉर्डरला खोली ऐकू येत नाही, फक्त काँप्युटर ऐकू येतो. आणि एका संध्याकाळी तू नाव बोललीस आणि वायर खुपसायला विसरलीस. काँप्युटर बिचारा वायरमध्ये शिट्ट्या घालत बसला आणि रेकॉर्डर आपला स्वयंपाकघर ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम परत चढवायला गेलो तर काँप्युटर नुसता वाट बघतोय. मी वायर उपटली आणि स्पीकरमधून कुकरची शिट्टी आली. किती हसलो आपण! मग तू पेन घेतलंस आणि कॅसेटवर मोठ्या अक्षरांत "खराब" लिहून टाकलंस.

तू गेल्यावर बाबांनी बाकीच्या सगळ्या कॅसेटवर भजनं भरली. त्यांचं काही चुकलं नाही, रिकाम्या घरात माणसाला काहीतरी लागतंच. हिच्यावर "खराब" लिहिलेलं, म्हणून हिला हात लावला नाही. म्हणजे तुझा आवाज जगात कुठं उरला असेल तर त्या चुकीत. आणि मी ते विसरून गेलो होतो. आठवण करून दिली पुण्याच्या एका मुलानं. जुने काँप्युटर गोळा करतो, संग्रहालय काढणार आहे, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला. "सर, मशीन वर्किंग आहे का? आणि टेप्स असतील तर सोन्यासारख्या जपा, प्लीज." मी म्हटलं, एक आहे, पण तिच्यावर आईचं बोलणं पण आहे. तर म्हणतो, "नो इश्यू सर, आवाजबिवाज आम्ही कापून टाकतो, डेटा क्लीन करून ठेवतो." वाईट नाही तो मुलगा. त्याच्या हिशेबानं बरोबरच बोलला. पण मी फोन ठेवला आणि जेवता जेवता उठून माळ्यावर चढलो. तुझी सून खालून ओरडतेय, "अहो, वरण थंड होऊन राहिलं, काय झालं काय?" मी वरूनच म्हटलं, "काही नाही, आईचं सामान."

रविवारी सगळं दुकानात नेलं आणि गिऱ्हाईक न घेता बसलो. रेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून काकवी झाला होता. तो पुसला, नवा बसवला, टेपला टेकणारं हेड स्पिरिटनं साफ केलं. काँप्युटरलाही वीज देऊन उठवलं. उठला, आई! बटणं दोन-तीन मेली, पण बाकी शाबूत. खरी अडचण पुढं होती. रेकॉर्डरच्या मोटरला मागं एक बारीक स्क्रू असतो, त्यानं टेपचा वेग कमी-जास्त होतो. पट्टा नवा, म्हणजे वेग पहिला राहिला नाही. वेग जरा वाढला की बाई पोरीसारखी बोलते, जरा घटला की बाप्यासारखी. तुझा आवाज बरोबर कुठल्या वेगाला? ते कळायला तुझा आवाज आठवायला हवा, आणि त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

कितीतरी वेळ स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसून होतो. मग सुचलं. त्याच टेपवर, त्या चुकीच्या आधी, एक प्रोग्राम नीट भरलेला आहे; त्याचं तू बोललेलं नाव मात्र टेपच्या चुरगळलेल्या टोकाबरोबर गेलंय. प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला काँप्युटर एक लांब सरळ शिट्टी देतो, आणि त्या शिट्टीचा सूर त्याच्या पोटातल्या स्फटिकानं बांधलेला असतो. आपण म्हातारे होतो, तो जवळपास तिथंच राहतो. काँप्युटरला आज शिट्टी द्यायला लावली, ती मोबाइलमध्ये धरली आणि वाजत ठेवली. दुसरीकडून टेपवरची तेव्हाची शिट्टी. दोन सूर जवळ आले की हवेत लाटा उठतात, वांव वांव वांव, तंबोरा लावताना उठतात तशा. स्क्रू केसभर फिरवायचा, टेप मागं घ्यायची, परत ऐकायचं. लाटा लांबत गेल्या. मग अशी एक वेळ आली की लाट उठलीच नाही. दोन्ही शिट्ट्या एक झाल्या. तुझी ती संध्याकाळ आणि माझी ही दुपार एकाच वेगानं चालत होती. मी टेप पुढं जाऊ दिली. प्रोग्रामची खरखर संपली, बटणाचा खटका आला, आणि एक बाई बोलली.

"चलो, हा दुसरा. पाढ्यांचा." मग भांडं. मग, "काहून उभा आहेस तिथं? टीव्हीला हात नको लावू, सेव्ह होऊन राहिलं." मग खिडकीतून कुणी तरी, "भाभीजी, थोड़ा जामन मिलेगा क्या?" आणि ती बाई, "हां जी, देती हूं, बस अभी बच्चे का काम चल रहा है।" मग हळूच, आतल्या बाजूला, "ए, वाटीत विरजण काढ बरं जरा. सांडू नको." एक पोरगं काहीतरी पुटपुटतं. तो मी. कुकर. मग ती बाई गुणगुणायला लागते, सूर पक्का, शब्द नाहीत.

मी ओळखलं नाही तुला. पातळ, चटचट बोलणारा, तिशीतल्या बाईचा आवाज. मागं तुझी नात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मराठी तिला सगळं समजतं, पण या हिंदी गावात वाढलेली, बोलते हिंदीत. "ये कौन है, पापा?" मी म्हटलं, आजी. ती हसली. "आजी? ये तो कोई दीदी बोल रही है।" खरंच होतं. मी आज ज्या वयाचा आहे, त्या वयाला तू पोचलीच नाहीस, आणि ती टेपवरची बाई तर माझ्यापेक्षा कितीतरी लहान. मी तिला हाक मारली असती तर, ओ दीदी, अशीच मारली असती.

पोरगी गेल्यावर मी शटर अर्धं खाली घेतलं आणि स्क्रू जरा मागं फिरवला. अगदी जरा. आवाज खाली बसला, शब्दांमधल्या जागा रुंद झाल्या. "सांडू नको." आणि आई, ती तू होतीस. शेवटच्या वर्षातली, दवाखान्यातल्या खाटेवरची, उशीला टेकून एक-एक शब्द सोडणारी. माझ्या कानात कुठंतरी तीच राहिली होती आणि मी शोधत होतो तिला, त्या चटचट बोलणाऱ्या बाईला नाही. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि टेप संपेपर्यंत उठलो नाही.

पुण्याच्या मुलाचा परत फोन आला. काँप्युटर नेऊ दे त्याला, संग्रहालयात चार लोक बघतील, तुलाही आवडलं असतं. पहिल्या प्रोग्रामची नक्कल देईन. रेकॉर्डर आणि कॅसेट मात्र देत नाही म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, "सर, निदान स्पीड बरोबर लावून ठेवलाय ना? नाहीतर टेप वाया जाईल." मी म्हटलं, हो, एकदम बरोबर.

हे मी कुठं पाठवणार नाही, पाठवायला पत्ता तरी कुठला. पण तुझ्याशी खोटं बोलायला नको. स्क्रू अजून मागंच आहे. बरोबरची जागा मला माहीत आहे, शिट्टी लावून पाच मिनिटांत परत आणता येईल. ती हसरी, घाईत असलेली बाई माझी आई होती, हेही माहीत आहे, आणि एक दिवस मी तिची ओळख करून घेईन. रोज दुकान उघडलं की स्क्रूड्रायव्हर उचलतो आणि परत ठेवतो.