दोन चमचे साखर

बेस्ट, नेदरलँड्स,
मंगळवार, ४ मार्च २०२५

ती. स्व. सुखदेवमामांस,
राकेशचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी घरी बिअर केलीय. आईला सांगू नका. पाचवं शील मोडलं म्हणून ती पहिल्या विमानाने इथे येऊन थडकेल. आज दुपारी बाटल्या भरल्या. झाकणं ठोकायचं यंत्र नाही, नळी नाही. मग वरणाचा डाव आणि नरसाळं घेतलं, आणि फळांच्या रसाच्या अर्ध्या लिटरच्या वीस काचेच्या बाटल्या भरून फिरकीची झाकणं घट्ट आवळली. फेस यावा म्हणून साखर घालतात. किती, ते बघायचं राहिलं. चहाच्या सवयीने दोन-दोन चमचे टाकली.

बाटल्या जिन्याखाली आहेत. तासातासाला उठून बघतो. एका जागी बसवत नाही. तुम्ही बार्शीत इतकी वर्षं सोड्याचा कारखाना चालवलात, तेव्हा माझं काही चुकलं असेल तर कळवा.

लोभ आहेच, दोन ओळीही याव्यात.
तुमचा,
राकेश

बार्शी,
१३ मार्च २०२५

चि. राकेश यास, अ. आ.

गाढवा, पत्र आजच मिळालं. माझं उत्तर टपालाने पोचेपर्यंत तुझ्या जिन्याखाली दिवाळी होईल, म्हणून आमची अमृता तिच्या फोनवरून याचा फोटो पाठवतेय. रसाची काच पातळ, ती गॅस सोसत नाही. पाऊण चमचा साखर पुष्कळ झाली असती. माझ्या कपाळावरची खूण विसरलास काय? चष्मा, हातमोजे घाल, बाटलीवर जाड टॉवेल टाक आणि झाकण हळूहळू सैल कर. आत्ताच.

आता दुसरं. मंगळवारी भरदुपारी तू घरी कसा? अख्ख्या पत्रात ऑफिसचा शब्द नाही, साहेबाला एक शिवी नाही. फोनवर तुझं सगळं छानच असतं, म्हणून तर मी पत्राचा हट्ट धरतो. लीलावती माझी बहीण आहे. तिच्यापासून मी हे किती दिवस लपवू? आता मला झोप लागायची नाही रे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
सुखदेवमामा

बेस्ट,
१४ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोटो यायच्या आधीच तीन फुटल्या होत्या. उरलेल्या सतरा तुम्ही सांगितलंत तशा सैल केल्या. निम्मी बिअर छताला लागली.

तुम्ही ओळखलंत ते खरं. कंत्राट जानेवारीअखेर संपलं. दुसरी नोकरी शोधायला व्हिसाप्रमाणे तीन महिने मिळतात, त्यातले निम्मे गेले. पाच मुलाखती झाल्या, पाचही ठिकाणांहून नकार. रोज सकाळी सायकल काढतो, कालव्यापर्यंत जातो आणि परत येतो. घरी सांगायची लाज वाटत होती.

आज आईला फोन केला. नोकरीचं ऐकून ती शांतपणे म्हणाली की मिळेल, नाहीतर घर आहेच. मग बिअरचं सांगितलं, तर तिने फोनच ठेवून दिला. मी तिथेच पायरीवर बसून रडलो. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. काचा वेचताना पायात चप्पल होती का, एवढंच तिने विचारलं.

रागावला असाल तरी माया कमी करू नका.
तुमचाच,
राकेश