सहा गुणांनी चुकलेली चिठ्ठी

सर, अमेरिकन फुटबॉल तुम्ही कधी पाहिला नसणार. पाहिला असतात तर पाच मिनिटांत म्हणाला असतात, ही तर आपली कबड्डीच, यांनी फक्त अंगाला गाद्या बांधल्यात. मध्ये एक रेषा, अलीकडे अकरा, पलीकडे अकरा, क्षणभर सगळे दबा धरून बसलेले आणि मग एकदम झटापट. मलाही हा खेळ वर्षभरापूर्वीपर्यंत ओ की ठो कळत नव्हता. आता मी आयर्लंडमध्ये नावन नावाच्या गावात राहते, एका अमेरिकन कंपनीत आकड्यांचं काम करते. लोक पुढे काय करतील याचे अंदाज बांधायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही शिट्टी तोंडातून काढून नुसतं बघितलं असतं माझ्याकडे.

या जानेवारीत साथीमुळे इथे सगळं बंद आहे. ऑफिस बंद, शाळा बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. तेव्हा आमच्या अमेरिकेतल्या साहेबानं एक खेळ काढला. तिकडच्या फुटबॉलची बाद फेरी सुरू होत होती, एकूण तेरा सामने. प्रत्येकानं शुक्रवारी दुपारपर्यंत दर सामन्याचा अंदाज पाठवायचा: कोण जिंकणार, कितीनं, आणि शंभरात किती खात्री. ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळ, त्याचं नाव आठवडाभर वर. बक्षीस काहीच नाही, पण मला चेव चढला. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी एवढी मोठी शीट बनवली की नवरा पोळ्या लाटता लाटता म्हणाला, "एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर डॉक्टर झाली असतीस." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. शुक्रवारी पहिल्या आठवड्याच्या सहाही सामन्यांचे आकडे पाठवले आणि मग बसल्या बसल्या तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवला.

नागपूरच्या आपल्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचा सामना असला की तुमचा नियम होता: आधी चिठ्ठी, मग खेळ. खेळणाऱ्या, न खेळणाऱ्या, सगळ्या पोरींनी कोण जिंकणार आणि किती गुणांनी ते कागदाच्या कपट्यावर लिहायचं, घडी घालून, वर आपलं नाव टाकून डब्यात टाकायचं. तुमचीही चिठ्ठी त्यात, लाल पेन्सिलीनं लिहिलेली. डब्यातच कापूस, आयोडीन आणि पट्टी असायची. सामना संपला की लिंबाच्या झाडाखाली तुम्ही एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायचात. "ज्यानं लिहिलं नाही त्यानं 'मला वाटलंच होतं' म्हणायचं नाही," असं तुम्ही सांगायचात. कोण जिंकणार यात तुमची चिठ्ठी फार क्वचित चुकायची. आम्हाला वाटायचं तुम्हाला काही विद्या आहे. एकदा मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "गुणांकडे बघू नको, हातांकडे बघ. दोन चढायांच्या मध्ये जिचे हात गुडघ्यावर जातात, ती दमली. ती स्वतःला सांगत नाही, पण हात सांगतात." माझा गुडघा दुखावल्यावर मला संघातून बाहेर न काढता तुम्ही गुणलेखनाची वही दिली, नवी कोरी लाल-निळी पेन्सिल दिली. त्या पेन्सिलीला मी टोक करायची नाही, झिजेल म्हणून.

आणि मग तो जिल्ह्याचा उपांत्य सामना. समोरचा संघ तगडा, पोरी आमच्याहून हातभर उंच. मध्यंतराला आमच्या एकीचं कोपर सोललं म्हणून तुम्ही मला डब्यातून कापूस काढायला सांगता. मी डबा उघडते आणि वरच तुमची चिठ्ठी आहे, घडी अर्धी सुटलेली, लाल अक्षरं वर आलेली. "आपण हरू. सात गुणांनी." मी चिठ्ठी तशीच परत दुमडून ठेवते आणि कापूस घेऊन येते, तर तुम्ही पोरींना गोळा करून सांगत असता, "घाबरायचं काही नाही. हा सामना काढता येतो." तुमचा चेहरा अगदी सरळ. तुम्ही आमच्या डाव्या कोपऱ्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या जिवलग मैत्रिणीला, तिच्या जागेवरून उचलून मधे आणता. ती रुसते, मला वाटतं ही तिला शिक्षा आहे. पुढची पंधरा मिनिटं मी वहीत रेघा मारत होते आणि मनात फक्त एवढंच होतं की आमचे सर खोटारडे आहेत.

आम्ही एका गुणानं हरलो. पोरी रडत होत्या आणि तुम्ही हसत होतात, सर. ओठ मिटून, पण हसत होतात. ते हसू बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडाखाली तुम्ही डबा उघडला, चिठ्ठ्या हातात घेतल्या, आणि सगळ्यांसमोर मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आधीच लिहिलं होतं आपण हरू म्हणून, आणि आम्हाला खोटं सांगितलंत." चौदा पोरी माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही हातातल्या चिठ्ठ्या चाळल्या, एका चिठ्ठीवर थोडे थांबलात आणि म्हणालात, "गुणलेखकानं आधी पूर्ण पान वाचावं, मग बोलावं." मला वाटलं तुम्ही गुणांच्या वहीबद्दल बोलताय. मी वही तुमच्या पायाशी ठेवली आणि घरी गेले. त्यानंतर मी मैदानावर आले नाही. दहावी झाली, कॉलेज झालं, आणि इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याच मैत्रिणीनं कळवलं की सर गेले, झोपेतच गेले. मी म्हटलं, अरेरे. तेव्हा मला तेवढंच म्हणता आलं.

आता या जानेवारीतल्या शनिवाराकडे येते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते इथल्या पोरांच्या इंग्लिशमध्ये. तिचा गावातला फुटबॉल क्लब बंद, मैत्रिणी बंद, कुठे जिंकायला नाही की हरायला नाही. तिनं बाद फेरीतला एक निळा संघ आपला मानला, का तर तिच्या क्लबची जर्सी त्याच निळ्या रंगाची आहे. शुक्रवारीच तिनं विचारलं होतं, "वुई'व्ह अ चान्स, हॅव वी?" आणि मी म्हणाले होते, "आहे की. ग्रँड खेळतात ते." शनिवारी संध्याकाळी सहाला सामना सुरू झाला. मध्यंतराला ती लॅपटॉपवर काही शोधायला गेली आणि माझी शीट उघडी होती. निळा संघ हरणार, दहा गुणांनी. जिंकण्याची शक्यता शंभरात बावीस. ती लॅपटॉप हातात घेऊन दारात उभी राहिली. "यू न्यू," ती म्हणाली. "यू टोल्ड मी वी हॅड अ चान्स, अँड यू न्यू." मी म्हटलं, "बावीस म्हणजे शून्य नव्हे, बाळा." ती म्हणाली, "दॅट्स ओन्ली अ नाइस वे ऑफ सेइंग नो," आणि जिन्यावर जाऊन बसली.

सर, सव्वीस वर्षांपूर्वीचा माझाच आवाज मला माझ्या घरात ऐकू आला.

टीव्ही चालूच होता. निळे आणखी मागे पडले, चौदा गुणांनी. मी शीटकडे बघायचं सोडलं आणि कशी कोण जाणे, हातांकडे बघू लागले. समोरच्या संघाच्या डाव्या टोकाला एक आडदांड गडी होता. दोन डावांच्या मध्ये त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर. पुढच्या डावानंतरही तेच. मी जिन्याकडे तोंड करून ओरडले, "इकडे ये. आता आपले त्या बाजूनं घुसतील." ती आली नाही, पण कठड्यातून बघत होती. आणि ते त्याच बाजूनं घुसले, सर. सरळ त्या गड्याच्या अंगावरून. माझ्या शीटमध्ये शेकड्यानं रकाने आहेत, पण त्या दमलेल्या हातांचा रकाना नाही. नागपूरच्या धुळीत तुम्ही या खेळाचं नावही ऐकलं नसेल, पण तुम्हाला तो माझ्या शीटपेक्षा जास्त कळत होता. मुलगी खाली आली. "हाऊ डिड यू नो दॅट?" मी म्हटलं, "माझ्या सरांनी सांगितलंय." मग आम्ही दोघी सोफ्यावर बसून हातच बघत राहिलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "लुक, युअर मॅन ऑन द राइट इज रेक्ड ॲज वेल," आणि खरंच तो उजवीकडचा गडी दमलेला होता.

निळे तीन गुणांनी हरले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वी लॉस्ट. व्हाय आर यू स्माइलिंग?" मला कळलंच नव्हतं की मी हसतेय. ओठ मिटून हसत होते. दहानं हरणार होते ते तीनवर आले, माझा अंदाज चुकला, आणि अंदाज चुकल्याचा एवढा आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरला फोन लावला, आपल्या डाव्या कोपऱ्याला. ती आता शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, तुमच्यासारखीच शिट्टी गळ्यात. मी विचारलं, त्या चिठ्ठीत पुढं काही होतं का. ती म्हणाली, "हे तुला आता सुचलं का बे? तू निघून गेलीस आणि सरांनी मला ती चिठ्ठी दाखवली. खाली लिहिलं होतं, 'डावा कोपरा मध्यंतरापर्यंत दमेल. मग सगळं तिथून जाईल.' म्हणून तर मला हलवलं होतं. मला म्हणाले, सातच्या जागी एक झाला, सहा गुणांनी चुकलो, असं चुकायला रोज मिळो." पुढे म्हणाली, "प्रत्येक सामन्याआधी तसंच करायचे ते, खालची ओळ आपल्याला वाचून दाखवायचे नाहीत एवढंच. हरायचं कारण लिहून ठेवायचे आणि मग ते खोडायला निघायचे. मी पण पोरींना तेच शिकवते."

फोन ठेवून मी खिडकीशी उभी राहिले. तुम्ही भविष्य सांगत नव्हता, सर, त्याच्याशी भांडत होता, दर शनिवारी, बिस्किटांचा एक डबा आणि लाल पेन्सिल घेऊन. मी आयुष्यभर हेच काम केलं, त्यावर पोट भरलं, आणि त्यातलं निम्मंच शिकले. मी फक्त वरची ओळ लिहीत आले.

आता अंतिम सामना उरलाय. तो इथल्या मध्यरात्री असतो, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बघू. काल मी आणि मुलीनं चिठ्ठ्या लिहिल्या, दोन ओळींच्या. कोण हरणार, आणि कशामुळे. त्या एका रिकाम्या डब्यात घालून डबा मसाल्याच्या प्रेसमध्ये ठेवलाय. प्रेस म्हणजे इथे कपाट. हे पत्रही त्यातच ठेवीन, पाठवायचं कुठे.

मैत्रीण फोन ठेवता ठेवता आणखी एक बोलली होती. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचल्यात, एक सोडून. माझी चिठ्ठी तुम्ही दुमडून खिशात घातलीत. कुणी विचारलं तर म्हणालात, "तिची ती येऊन वाचेल." ती चिठ्ठी कोरी होती, सर. हरू असं लिहवेना आणि जिंकू असं वाटेना, म्हणून तुमचा नियम मोडून मी आत काहीच न लिहिता, वर फक्त नाव टाकून ती डब्यात टाकली होती. चौदा जणींसमोर मी तुम्हाला खोटारडे म्हणत होते तेव्हा ती तुमच्या हातात होती, आणि तुम्ही ती उघडून दाखवली नाहीत.