गणिताचा फोन

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे साधा बटणांचा फोनही नव्हता, त्यामुळे आज जे सांगायचंय ते जरा मागे जाऊन सांगावं लागेल. मी आता नामपूरच्या कॉलेजात गणित शिकवते. नाशिक सोडताना वर्षभरात परत येईन असं घरी सांगितलं होतं, गेले नाही. सकाळी कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून स्कूटर काढत कॉलेज गाठायचं. वर्गातल्या मुली आपसांत अहिराणीत कुजबुजतात आणि मी फळ्याकडून वळले की पुस्तकी मराठीत उत्तर देतात. तुम्हाला त्या आवडल्या असत्या.

गेल्या वर्षी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब बंद पडली. यंत्रं जुनीच होती, एकेक करत सगळी गेली. शेवटच्या वर्षाला गणिताची प्रात्यक्षिक परीक्षा कॉम्प्युटरवर असते. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, लॅब नाही तर गणित बंद करावं लागेल. मुलींनी नाशिकच्या कॉलेजात नाव घालावं." मी म्हटलं, "सर, रोज नाशिकला त्यांना कोण पाठवणार आहे? घरचे लग्नं लावून मोकळे होतील." हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "परीक्षेपर्यंत थांबा. लॅब मी उभी करते." "कशावर?" "फोनवर." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत.

फोनवर काय करायचं हे मला वाचून माहीत होतं, केलेलं नव्हतं. तुमचं पंचवटीतलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही मेथी निवडताय, मी पाटावर बसून लंबवर्तुळाचं गणित सोडवतेय आणि समीकरण नुसतं वाढत चाललंय. तुम्ही मान वर न करता म्हणता, "आरंभबिंदू तिथेच पाहिजे असं कुणी सांगितलं? सोयीच्या जागी ने." मी नेते, आणि समीकरण एका ओळीत बसतं. हे कामही काहीसं तसंच आहे. फोनची स्वतःची व्यवस्था चालू ठेवायची. तिच्या पोटात एक फोल्डर करायचा, त्यात लिनक्स या कॉम्प्युटरच्या व्यवस्थेचं सगळं सामान भरायचं आणि सीएच-रूट नावाची आज्ञा द्यायची. मग आतल्या प्रोग्रामांना तो फोल्डरच मूळ वाटतो. बाहेर फोन आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. मोठ्या कॉम्प्युटरवरचं गणिताचं सॉफ्टवेअर तिथे निवांत चालतं.

हे करायला आधी फोनचं कंपनीने घातलेलं कुलूप उघडावं लागतं. माझा जुना फोन त्यातच मेला. मग सातपूरला कारखान्यात असलेल्या भावाकडून त्याचा मागितला. "ताई, हा पण मारू नको," तो म्हणाला. नाही मारला. सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दुपारी मी पहिलंच साधं गणित घातलं, x च्या n व्या घाताचं संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, ज्याच्या उत्तरात छेदात n अधिक एक येतो. उत्तर देण्याआधी ते थांबलं आणि पडद्यावर प्रश्न आला: n उणे एक आहे का? बाई, मी खुर्चीतून उठले. बारावीत हेच गणित मी फळ्यावर झोकात सोडवून खडू ठेवला होता. तुम्ही विचारलंत, "आणि n उणे एक असेल तर?" मी खडू परत उचलला. "म्हणजे छेदात शून्य ठेवून तू जागेवर जाऊन बसणार होतीस," तुम्ही म्हणालात आणि वर्ग हसला. तो प्रश्न विचारणाऱ्या यंत्रावर माझा त्या दुपारीच भरवसा बसला.

मुलींचे फोन त्यांच्या भावांचे, वडिलांचे. त्यांची कुलपं उघडायची सोय नव्हती. म्हणून सगळं माझ्या भावाच्या त्या एकाच फोनवर ठेवलं आणि बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटला जोडून ब्राउझरमधून वापरायचे. एकीने विचारलं, "मॅडम, मना फोनमा काहीच टाकं नही, तरी बी चालस?" मीही अहिराणीतच म्हटलं, "चालस." वर्ग खूश झाला. त्या फोनला त्यांनी गणिताचा फोन असं नाव दिलं.

परीक्षेला नाशिकहून बाहेरचे परीक्षक आले. "मॅडम, या इंटरनेटवरून उत्तरं आणतील," ते म्हणाले. मी गणिताच्या फोनचं सिमकार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि मुलींचे फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवायला लावलं. परीक्षा सुरू झाली. सगळ्या आलेख काढायला लागल्या तसा फोन तापला आणि एकदम सगळ्यांचे पडदे थांबले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. मी उठले, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा." तिने फोन खिडकीच्या गार फरशीवर ठेवला, बंद करून चालू केला, एकेक आज्ञा न चुकता टाइप केली. सगळे पडदे परत आले. "काय केलंस?" परीक्षकांनी विचारलं. "सर, लिनक्स फोनच्या आत आहे. फोनने ते बंद पाडलं, मी परत आत जाऊन चालू केलं." मग त्यांनी तिला त्यांच्या मनातलं एक गणित घातलं. तिने ते आधी कागदावर सोडवलं, नंतर फोनवर ताडून दाखवलं. जाताना ते प्राचार्यांना म्हणाले, "लॅब चांगली आहे." गणित चालू राहिलं. यंदा बाकं कमी पडतात.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून इथेच राहील. पण एक गोष्ट तुमच्या तोंडावर मला कधी बोलता आली नसती. तुम्ही मला उत्तम शिकवलंत. पण "तुम्ही बसा" म्हणायची आमची कुणाची छाती नव्हती, आणि माझ्या मुलींची आहे. त्यामुळे बाई, एखाद्या दिवशी मला वाटतं, मी तुमच्यापेक्षा थोडं बरं शिकवते.